राउटर बिट : पंधरांची पेटी घ्यावी की एकच चांगले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टीच्या दिवशी घरीच लाकूडकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी नुकताच ५५० वॅटचा ट्रिमर, म्हणजे फिरत्या बिटाने लाकडाच्या कडा आणि खाचा कापणारा हातात धरायचा लहान राउटर, घेतला आहे. पुस्तकांसाठी प्लायचे कपाट करायचे, त्यावर सनमायका लावायचा आणि दर्शनी कडांना सागाची पट्टी द्यायची, असा त्यांचा बेत आहे. दुकानात १५ बिटांची लाकडी पेटी १,४०० रुपयांना मिळते आणि त्याच काउंटरवर नामांकित कंपनीचे एकच फ्लश ट्रिम बिट १,३५० रुपयांना. फ्लश ट्रिम म्हणजे बेअरिंग असलेले बिट; बेअरिंग फळीच्या कडेला टेकवून चालवले की फळीबाहेर आलेला जादा सनमायका काठोकाठ कापला जातो. ओळखीच्या दोघातिघांनी त्यांना सांगितले की आधी स्वस्त पेटी घ्यावी, वापरून पाहावे आणि जे बिट झिजेल तेवढेच पुढे चांगले घ्यावे. हा सल्ला पाळावा का, असे त्यांनी विचारले आहे.

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि ऐकायला काटकसरीचा वाटतो. मीही काही वर्षे तोच देत होतो. आता देत नाही. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बिट वाईट आहे हे वापरणाऱ्याला कळेल. मुरलेल्या माणसाला ते आवाजावरून कळते, मुठीत येणाऱ्या थरथरीवरून कळते, बाहेर पडणारा भुसा पिठासारखा आहे की रव्यासारखा यावरून कळते. नवशिक्याला यातले काहीच कळत नाही. कड काळी पडली, सनमायकाच्या कपच्या उडाल्या किंवा खाच वाकडी झाली की तो दोष स्वतःच्या हाताला देतो आणि नसलेला दोष झाकण्यासाठी हाताला भलतीच सवय लावून घेतो. म्हणून माझे उत्तर जवळजवळ उलट आहे. ज्या एका बिटावर तुमचे बहुतेक काम पडणार आहे आणि ज्याने तुमचा हात बसणार आहे, ते पहिल्या दिवसापासून चांगले घ्या. वर्षातून एखाद्या वेळी लागणारी लहान नक्षीची बिटे स्वस्तातली असली तरी चालतात. मोठ्या व्यासाची बिटे मात्र स्वस्तातली कधीही घेऊ नका, आणि तुमच्या ट्रिमरवर तर महागातलीही लावू नका.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण तुमचे कामही नेमके तेच आहे. सुरुवातीच्या काळात मी अशीच एक पेटी घेतली होती आणि तिच्यातल्या फ्लश ट्रिमने टेबलाच्या फळ्यांचा सनमायका कापत होतो. प्रत्येक कडेला सनमायका काठोकाठ कापला जाण्याऐवजी बिट किंचित आत घुसायचे आणि प्लायच्या कडेवर केसाएवढी रेघ उमटायची. मला वाटले की ट्रिमर तिरका धरला जातो. मी दोन्ही हातांनी दाबून धरू लागलो, मग तळाला रुंद फळी जोडली, मग वेग बदलून पाहिला. दोन आठवडे असे गेल्यावर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, हातात होता म्हणून सहज बिट मोजले. बेअरिंगचा बाहेरचा व्यास १२.७ मिलिमीटर होता आणि पात्यांचा व्यास १२.९. म्हणजे बेअरिंग कडेला टेकलेले असताना पाते प्रत्येक बाजूला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने बाहेर राहणार आणि तेवढे आत खाणारच. माझ्या हाताचा काही दोष नव्हता. पण त्या दोन आठवड्यांत ट्रिमर गच्च दाबून धरण्याची जी सवय लागली, ती मोडायला पुढे बरेच दिवस गेले. पाते बेअरिंगपेक्षा किंचित लहान निघाले असते तर नुसता पापुद्रा शिल्लक राहिला असता, तो कानशीने काढता येतो. मोठे निघालेले पाते मात्र कामाचा तुकडाच बिघडवते.

आता जास्तीचे पैसे नेमके कशाचे द्यावे लागतात ते पाहू. राउटर बिटाचे मुख्य भाग तीन: मशीनच्या कोलेटमध्ये (बिट आवळून धरणाऱ्या पकडीत) बसणारी पोलादी दांडी, म्हणजे शँक, तिच्या टोकाला असलेले अंग, आणि त्या अंगावर डागून (झाळून) बसवलेल्या कठीण कापऱ्या पट्ट्या. या पट्ट्यांना आपल्याकडचे मिस्त्री ‘विडिया’ म्हणतात. हा शब्द जर्मन कंपनी क्रुपने १९२० च्या दशकात बाजारात आणलेल्या मालाच्या नावावरून आला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे. कंपनीचे नाव आपण विसरलो आणि मालाचे नाव जिभेवर राहिले, जसे सनमायकाचे झाले. विडिया म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे अतिशय बारीक कण कोबाल्टने बांधून, दाबून, भट्टीत तापवून केलेला पदार्थ. कण बारीक आणि कोबाल्ट कमी असेल तर तो कठीण होतो आणि धार जास्त टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो. कोबाल्ट वाढवले की तो चिवट होतो, पण लवकर झिजतो. लाकडासाठी कोणते मिश्रण योग्य, हे चांगला उत्पादक ठरवून घेतो. स्वस्त पेटीतले बिट कोणत्या मिश्रणाचे आहे हे तुम्हाला कळत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. एकाच पेटीतली दोन बिटेसुद्धा वेगळी वागतात, ती यामुळेच.

मात्र विडियाची जात हा फरकाचा एकच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा नव्हे. मोठा फरक धार कशी लावली आहे यात असतो. पट्टी शेवटी जितक्या बारीक हिऱ्याच्या चाकावर घासली जाते, तितकी धारेची रेघ सलग होते. भरड चाकावर उरकलेली धार नखाला टोकदार लागते, पण दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. अशी धार पहिले काही मीटर बरी कापते. मग ते दाते मोडतात, धारेचे टोक गोल होते आणि तेथून पुढे बिट कापत नाही, घासते. तुम्ही प्रत्येक कडेवर उमटणारा काळा डाग जो पाहता, तो या घासण्याचा असतो.

हे नीट समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. आपल्याकडचे लहान ट्रिमर मिनिटाला साधारण ३०,००० ते ३३,००० फेरे घेतात आणि त्यांतल्या बहुतेकांना वेग कमी करण्याची सोय नसते. मशीन मिनिटाला ३ मीटर पुढे सरकवले आणि बिटाला दोन पाती असली, तर ३०,००० फेऱ्यांत ६०,००० घाव बसतात; म्हणजे प्रत्येक घावाला ०.०५ मिलिमीटर लाकूड वाट्याला येते. हा साधारण जाडसर कागदाच्या निम्म्याएवढा कीस झाला. घाबरून तुम्ही निम्म्या गतीने सरकलात तर तो ०.०२५ होतो. धारेच्या टोकाची गोलाई त्या मापाजवळ पोचली की पाते लाकडात शिरत नाही, वरून घसरते. घर्षणाने उष्णता वाढते, धार आणखी बोथट होते, आणखी उष्णता वाढते. म्हणून बोथट बिटाने सावकाश काम केले तर ते सुधारत नाही, आणखी जळते. येथेच नवशिक्याची गफलत होते. जळाले म्हणून तो आणखी हळू जातो. चांगल्या धारेला त्याचा संथपणा थोडाफार खपतो, तेवढ्या काळात हात तयार होतो. वाईट धारेला मुळीच खपत नाही.

दुसरी महत्त्वाची बाब पात्यांच्या समतोलाची. दोन पात्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाने जरी बाहेर असले, तरी सगळे काम तेच एक पाते करते आणि दुसरे नुसते मागून फिरते. तुम्ही दोन पात्यांचे पैसे दिले आणि एका पात्याचे काम घेतले, असे होते. शिवाय बिट फिरताना डुलते, कोलेटला आणि मशीनच्या बेअरिंगला मार बसतो आणि कडेवर बारीक लाटा उमटतात. त्या सनमायकाच्या कडेवर चटकन दिसत नाहीत, पण सागाच्या पट्टीला पॉलिश लावले की उन्हात स्पष्ट दिसतात.

शँकबद्दल थोडे सांगतो, कारण खरेदीत सर्वाधिक चुका येथे होतात. आपल्याकडे ६ मिलिमीटर, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ८ मिलिमीटर आणि मोठ्या राउटरसाठी १२ मिलिमीटर व अर्धा इंच अशा मापांच्या दांड्यांची बिटे सरमिसळ करून विकली जातात. सहाचे बिट पाव इंचाच्या कोलेटमध्ये आवळले की ते बसल्यासारखे वाटते. ते बसलेले नसते. काम करताना ते हळूहळू खाली सरकते आणि तुम्ही ६ मिलिमीटर ठरवलेली खाच शेवटी ९ मिलिमीटर खोल निघते. स्वस्त पेटीत पाव इंच म्हणून लिहिलेली दांडी मोजल्यावर ६.२७ किंवा ६.२८ निघाल्याचे मी पाहिले आहे, तीही सरकते. जाड दांडी शक्य असेल तेथे जाडच घ्यावी, कारण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. अर्ध्या इंचाची दांडी पाव इंचाच्या दुप्पट नव्हे, तर १६ पट ताठ असते. तुमचा ट्रिमर ६ किंवा ६.३५ चाच असणार, त्यामुळे तुम्हाला हा पर्याय नाही. पण म्हणूनच बिट लांबलचक घेऊ नका आणि एका फेरीत २ ते ३ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

आता तुमच्या मालाकडे वळतो. बिट चांगले की वाईट हे अखेर ते कशावर चालते यावर ठरते, आणि आपल्याकडचा माल बिटांसाठी कठोर आहे. इंग्रजी चित्रफितींत दिसते ते मऊ पाइन किंवा ताजे ओक नव्हे. आपण बहुतेक वेळा डिंक कापत असतो. कमर्शियल प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉलिक डिंक असतो. तो वाळल्यावर काचेसारखा कठीण होतो. प्रत्येक थराच्या सांध्यावर त्याची रेघ असते आणि ती नेहमी धारेच्या त्याच जागी घासते. काही दिवस वापरलेल्या स्ट्रेट बिटाची, म्हणजे सरळ खाच करणाऱ्या बिटाची, धार भिंगाखाली पाहिली तर डिंकाच्या रेघांच्या अंतराने त्यावर बारीक खळगे दिसतात. सनमायका तर जवळजवळ सगळा डिंकच आहे: फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले तपकिरी कागदाचे थर आणि वर मेलामाइनचा नक्षीदार थर. लाकडात शिरताना पात्याला जी तंतूंची साथ मिळते, ती येथे नाही. बोथट पात्याने मेलामाइन कापत नाही, फुटते. हलक्या रंगाच्या आणि चकाकीच्या सनमायकावर या कपच्या फार दिसतात.

सागाचीही गंमत आहे. हाताला मऊ, रंध्याखाली तेलकट आणि गुळगुळीत वाटणारे हे लाकूड हत्यारांना मात्र खाते, कारण त्याच्या पेशींमध्ये सिलिका, म्हणजे वाळूचा घटक, असतो. जुने सुतार सागावर काम करताना रंध्याला वरचेवर धार लावत, ते या कारणाने. हायस्पीड स्टीलची बिटे नवी असताना विडियापेक्षाही तीक्ष्ण असतात आणि पाइनवर सुंदर चालतात. पण साग आणि प्लाय यांच्यावर ती फार लवकर बोथट होतात. म्हणून ती स्वस्त मिळाली तरी तुमच्या कामासाठी घेऊ नका. टिंबर मार्केटमधून जुन्या घराचा साग आणणार असाल तर त्यातले खिळे आधी चुंबक फिरवून शोधा. एका खिळ्यापुढे १,३५० चे बिट आणि ९० चे बिट सारखेच.

कपाटाचा हिशेब मांडून पाहू. समजा कपाट १.८ मीटर उंच, ०.९ मीटर रुंद आणि ०.३ मीटर खोल आहे. दोन उभ्या बाजू, आणि वरची-खालची धरून सहा आडव्या फळ्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही अंगांना सनमायका लावला तर चारही कडांनी जादा राहिलेला भाग कापावा लागतो. उभ्या बाजूचा परीघ ४.२ मीटर; दोन बाजू आणि दोन अंगे मिळून १६.८ मीटर. आडवी फळी ०.८७ गुणिले ०.३ धरली तर तिचा परीघ २.३४ मीटर, सहा फळ्यांच्या दोन्ही अंगांचे २८ मीटर. एकूण सुमारे ४५ मीटर नुसता सनमायका. दर्शनी कडांची सागाची पट्टी दोन्ही बाजूंनी फळीशी सपाट करायची म्हटली तर आणखी साडेसतरा मीटर. म्हणजे एका कपाटात फ्लश ट्रिम बिट ६० मीटरपेक्षा जास्त चालणार. याच कपाटात कड गोल करणारे ६ मिलिमीटरचे राउंड ओव्हर बिट फार तर नऊ मीटर लागेल. फळ्या बसवायला खाचा केल्यात तर स्ट्रेट बिट साडेतीन-चार मीटर चालेल. आणि पेटीतली बाकीची बारा बिटे, म्हणजे नक्षीची आणि खास खाचांची ओजी, कोव्ह, व्ही ग्रूव्ह, डव्हटेल, कळीच्या आकाराचे ते एक विचित्र बिट वगैरे, पेटीतच राहतील.

म्हणून पेटीतल्या एका बिटाची किंमत १,४०० भागिले १५, म्हणजे ९३ रुपये, हा हिशेब मला पटत नाही. तुम्ही तीनच वापरणार असाल तर एक बिट ४६७ रुपयांना पडते, आणि त्या तिघांतही जे खरोखर राबणार आहे, तेच पेटीत सर्वांत कमकुवत असते. नक्षीच्या बिटांचा आकार ओबडधोबड असला तरी खपून जातो, फ्लश ट्रिमला ०.१ मिलिमीटरची चूकही खपत नाही. पेटी बनवणारा सगळी बिटे एकाच काळजीने किंवा एकाच निष्काळजीपणे बनवतो, तेव्हा मार कोणाला बसतो हे सांगायला नको.

स्वस्त ते सगळे टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्याकडे स्वस्त पेटीतले एक ४५ अंशांचे चॅम्फर, म्हणजे कड तिरकी कापणारे, बिट आहे. ते मी वर्षांनुवर्षे वापरतो आहे आणि त्याने एकदाही निराश केलेले नाही. आकार साधा, व्यास लहान, काम तुरळक, आणि शेवटी सँड पेपर फिरणारच असेल, तर स्वस्त बिट पुरते. एखाद्याच फ्रेमसाठी एखादी नक्षी हवी असेल तर तिच्यावर हजार रुपये घालवणे मला उधळपट्टी वाटते. उलट, नुसत्या नावासाठी सगळी बिटे नारंगी किंवा लाल लेपाची घेणारेही मी पाहिले आहेत. इटलीतील सीएमटी या बिट बनवणाऱ्या कंपनीचा नारंगी रंग ओळखीचा आहे, पण त्याची हुबेहूब नक्कल असलेला नारंगी रंग कोणत्याही स्वस्त बिटावर मिळतो. रंग धार लावत नाही.

मोठ्या व्यासाच्या बिटांबाबत मी इतका ताठर का, तेही हिशेबानेच सांगतो. १२.७ मिलिमीटरचे बिट ३०,००० फेऱ्यांना फिरते तेव्हा त्याची धार सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. त्याच फेऱ्यांना ५० मिलिमीटरचे बिट लावले तर धारेचा वेग सेकंदाला ७८ मीटर, ताशी २८० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाला पट्टी अंगाला धरून ठेवणारी गोष्ट एकच असते: चांदीच्या डागाचा पातळ थर. डाग अर्धवट भरला असेल, पट्टीखाली पोकळी राहिली असेल, तर पट्टी निघते आणि ती कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच एवढ्या व्यासाची बिटे १६,००० ते १८,००० फेऱ्यांना, अर्ध्या इंचाच्या दांडीवर, टेबलात बसवलेल्या मोठ्या राउटरवर चालवायची असतात. जबाबदार उत्पादक दांडीवरच कमाल फेऱ्यांचा आकडा कोरतो. दांडीवर आकडा नसलेले, पाव इंच शँकचे, दाराच्या दिल्हेदार फळ्यांसाठी म्हणून विकले जाणारे रुंद बिट पेटीत ‘फुकट’ मिळाले तर ते फुकटही घेऊ नका. चष्मा प्रत्येक बिटाबरोबर हवाच, पण अशा बिटापुढे त्याचाही भरवसा नको.

दुकानात बिट हातात आले की काय पाहावे? पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर काउंटरवर बिट उघडून पाहू देतात. हाच समोरासमोर खरेदीचा मुख्य फायदा. व्हर्नियर आणि लहान भिंग खिशात न्या. आधी दांडी दोनतीन ठिकाणी मोजा आणि काचेवर घरंगळवून सरळ आहे का पाहा. मग फ्लश ट्रिम असेल तर बेअरिंगचा आणि पात्यांचा व्यास मोजा. माझे दोन आठवडे कसे गेले ते वर सांगितलेच आहे. बेअरिंग बोटाने फिरवा: ते जड, खरखरीत किंवा ढिले नसावे. अडकलेले बेअरिंग बिटाबरोबरच फिरू लागते आणि कडेला चटका देते. विडियाची पट्टी जाड असावी आणि डागाची रेघ टोकापासून टोकापर्यंत सलग असावी. शेवटी भिंगातून धार पाहा. तिच्यावर दिव्याचा पांढरा ठिपका चमकत असेल तर तेथे धार नाही, कारण खऱ्या धारेवरून उजेड परावर्तित होत नाही.

पात्यांचा समतोल दुकानात तपासता येत नाही, घरी येतो. ट्रिमरचा प्लग काढा. बिट बसवा. एक सरळ लाकडी ठोकळा हळूहळू पुढे सरकवत बिट हाताने फिरवा, आणि एक पाते ठोकळ्याला निसटते लागले की थांबा. आता दुसरे पाते त्याच जागी आणा. तेही तसेच लागले तर उत्तम. मधून कागद सरकत असेल तर बिट परत करण्याजोगे आहे. मात्र परत करण्यापूर्वी तेच बिट कोलेटमध्ये अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहा. त्याच पात्याचा दोष कायम राहिला तरच तो बिटाचा. जागा बदलली तर दोष मशीनच्या कोलेटचा.

चांगल्या बिटाचे पैसे आणखी एका वाटेने वसूल होतात, ती म्हणजे पुन्हा धार लावणे. त्याची पट्टी जाड असते, म्हणून ते तीनचार वेळा घासता येते; स्वस्त बिटाला एकदा घासले की पट्टी संपत आलेली असते. घरी करायचे झाल्यास ६०० नंबरची हिऱ्याची सपाट पट्टी घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि पात्याची आतली सपाट बाजूच घासा, दोन्ही पात्यांना मोजून तेवढेच घाव. बाहेरची तिरकी बाजू कधीही घासू नका, नाहीतर व्यास कमी होतो आणि बेअरिंगशी असलेला मेळ बिघडतो. फ्लश ट्रिमला मात्र आतून घासल्यानेही केसभर व्यास घटतोच, म्हणून त्याला धार लावण्यापेक्षा त्याची धार वाचवण्याकडे मी जास्त लक्ष देतो. कित्येकदा बिट बोथट नसतेच, डिंकाचा आणि फेविकॉलचा थर बसलेला असतो. बेअरिंग काढून ठेवा, कोमट पाण्यात थोडा भांड्याचा साबण घालून बिट काही मिनिटे बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि लगेच कोरडे करा. बेअरिंग पाण्यात टाकू नका, आतले ग्रीस जाते.

धार वाचवण्याची एक युक्ती या कामापुरती फार उपयोगाची आहे. सनमायका १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो आणि फ्लश ट्रिमच्या पात्याची लांबी १२ ते २५ मिलिमीटर. म्हणजे ४५ मीटरचे सगळे काम पात्यावरच्या एका मिलिमीटरने होते. तेथे खळगा पडतो आणि उरलेली धार कोरी राहते. म्हणून दर दहाबारा मीटरनंतर ट्रिमरची खोली दोन मिलिमीटरने बदला, म्हणजे प्रत्येक वेळी नवी धार कामाला येईल. बेअरिंग फळीच्या कडेला टेकलेले राहील एवढे मात्र पाहा. अशा रीतीने एक चांगले बिट दोन कपाटे सहज काढते.

तेव्हा तुमच्या बाबतीत मी असे करीन. पेटी घेणार नाही. १,३५० चे फ्लश ट्रिम घेईन, वरच्या तपासण्या करून. त्याच दुकानात सुटे, साधे, ६ मिलिमीटर त्रिज्येचे राउंड ओव्हर स्वस्तातले घेईन, कारण त्याला नऊच मीटर चालायचे आहे आणि नंतर सागावर सँड पेपर फिरणार आहे. फळ्यांसाठी खाचा करायच्या असतील तर स्ट्रेट बिट मधल्या किमतीचे, लहान लांबीचे आणि प्लायच्या खऱ्या जाडीपेक्षा बारीक घेईन; १९ मिलिमीटरचा म्हणून मिळणारा प्लाय बहुधा १८ च्या आसपास भरतो, त्यामुळे खाच दोन फेऱ्यांत हव्या त्या रुंदीची करणे केव्हाही बरे. नक्षीच्या बिटांचा विचार कपाट झाल्यावर, आणि तेव्हाही एकेका बिटाचा.

नवे बिट लावण्यापूर्वी कोलेट आणि त्याचे नट काढून आतला भुसा कोरड्या ब्रशने झाडून घ्या. तेल लावू नका. दांडी पूर्ण आत घालून मग २ ते ३ मिलिमीटर बाहेर ओढा आणि आवळा, म्हणजे दांडी तळाला टेकून सैल राहणार नाही. पहिले मीटर टाकाऊ तुकड्यावर चालवा. तुकडा तुमच्यासमोर असेल आणि तुम्ही त्याच्या बाहेरच्या कडेवर काम करत असाल, तर ट्रिमर तुकड्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. मग त्या तुकड्याची कड उजेडाकडे धरून पाहा: रेघ नसेल, काळा डाग नसेल आणि खाली पडलेला भुसा बोटांत रव्यासारखा लागत असेल, तर कपाटाच्या पहिल्या फळीला हात घालायला हरकत नाही.